मागे घेतलेला अर्ज

१

बुधवारी सकाळी मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात ऋतिका खालून वाकून आत आली आणि तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. विलायतेतल्या विद्यापीठाची मेल होती. इंग्रजी इतकं सभ्य होतं की बातमी वाईट आहे हे कळायला दोनदा वाचावं लागलं. आपल्या इच्छेनुसार आपला अर्ज मागे घेण्यात आला आहे. मंगळवार, दुपारी दोन वाजून बारा मिनिटं, भारतीय वेळ. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"मी नाही घेतला, ताई," ती म्हणाली. "दोन वाजता मी शिकवणी घेत होते. दहा पोरं साक्षीला आहेत."

मी तिला स्टुलावर बसवलं आणि शटर पूर्ण वर करायचं तसंच राहिलं.

एव्हरशाईन सिटीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दहावीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही. टायपिंग, संगणक आणि कामापुरतं इंग्रजी मी या गाळ्यातच शिकले, लोकांचे फॉर्म भरता भरता. आजवर हजारो भरले असतील, पण ऋतिकाच्या फॉर्माला अकरा दिवस लागले होते. 'विचारांचा इतिहास' या विषयात तिला एम.ए. करायचं होतं. हा कसला विषय, असं मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. राजांचा नाही, लढायांचाही नाही, ती म्हणाली. एखादी कल्पना माणसांच्या डोक्यात कधी शिरली आणि कुठून आली, त्याचा इतिहास. तिने निबंध लिहिला होता 'वय' या कल्पनेवर. अर्नाळ्याच्या कृष्णाबाईंना तिने वय विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खाडीचं पानी घरात शिरलं त्या सालचा माझा जनम." त्यांना आकडा ठाऊक नव्हता आणि त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. मग माणसाला आपलं वय आकड्यात का सांगावं लागायला लागलं, कोणी सांगायला लावलं, असा तो निबंध. मी टाइप करता करता वाचला आणि दोन ठिकाणी हात थांबला.

भारतातून एकाच विद्यार्थ्याला पूर्ण शिष्यवृत्ती मिळणार होती. पुढच्या वर्षापासून तो अभ्यासक्रमच बंद व्हायचा होता. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आम्ही दोघींनी मिळून विद्यापीठाला लिहिलं. उत्तर दुपारी आलं. गुरुवारी त्यांच्याकडे बारा वाजेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचपर्यंत, नव्याने अर्ज भरता येईल. सगळी कागदपत्रं पुन्हा जोडावी लागतील. खाली त्यांनी नोंद दिली होती: मंगळवारी या खात्यात एकदाच प्रवेश झाला. पासवर्ड पहिल्याच प्रयत्नात बरोबर पडला. आणि ज्या संगणकावरून अर्ज भरला होता, त्याच संगणकावरून तो मागे घेतला गेला.

तो संगणक माझ्या दुकानातला होता. दोन नंबरचा, खिडकीजवळचा.

२

मंगळवारी दोन वाजता मी कुठे होते, हे मला चांगलं आठवत होतं. आतल्या बाजूला झेरॉक्स मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडकलेला कागद ओढत होते. अर्धा तास तरी. बाहेर तीन माणसं होती आणि तिन्ही घरच्यासारखी.

एक हिलरी सर. गिरीजचे, कॉलेजातून निवृत्त झालेले. ऋतिकाला शिकवलेले आणि तिच्या शिफारशीचं पत्र लिहिणारे. दुसरी तेजस्वी, ऋतिकाची कॉलेजपासूनची मैत्रीण. तिने त्याच विद्यापीठात, त्याच विषयाला अर्ज केला होता. तिसरे श्रीरंगभाऊ तळेकर, ऋतिकाचे वडील, पेन्शनचं काहीतरी बघायला आलेले. कोण कुठल्या संगणकावर किती वेळ बसलं, ते मला आतून दिसत नव्हतं. दोन संगणकांच्या मध्ये मीच पुठ्ठ्याचा आडोसा लावलेला आहे, लोकांना संकोच नको म्हणून.

आता माझी करणी सांगते. लोक पासवर्ड विसरतात, म्हणून सगळ्यांचा पासवर्ड मी एकाच पद्धतीने ठेवते, आणि ती पद्धत भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवली आहे: आपले नाव आणि जन्मतारीख. बऱ्याच जणांना ओटीपी धड सापडत नाही, म्हणून फॉर्मात नंबर दुकानाच्या मोबाइलचा देते. तो मोबाइल काउंटरवर खिळ्याला सुतळीने बांधलेला असतो. ज्याचा ओटीपी आला त्याने उचलावा, वाचावा, ठेवावा. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांत असंच चालतं. मलाही यात कधी काही वावगं वाटलं नाही. कुलूप लावून किल्ली दाराच्या खिळ्याला अडकवल्यासारखं मी वर्षानुवर्षं करत होते आणि गिऱ्हाइकं मला हुशार म्हणत होती.

हे सगळं मी ऋतिकाला सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने माझ्याकडे एक क्षणभर पाहिलं, आणि त्या नजरेचा अर्थ मला कळला. दुकानात तीन माणसं नव्हती. चार होती. तिचा पासवर्ड मला पाठ होता, आणि मोबाइल माझाच होता.

"तुझ्या जागी मी असते तर मीही माझा विचार केला असता," मी म्हटलं.

ती नाही म्हणाली नाही.

माझ्यावर कोणी आळ घेतला तर हा गाळा एका आठवड्यात बंद पडेल, हे खरं. पण त्याहून जास्त भीती वेगळीच वाटत होती. कोणीतरी तिथे शांतपणे बसलं, ऋतिका बनलं, तिच्या नावाने 'मला नको' म्हणालं आणि जाताना मला 'येतो' म्हणून हसून गेलं. तिघंही तशीच हसून गेली होती.

मी प्रिंटरची नोंद उघडून पाहिली. मंगळवारी दोन वाजून नऊ मिनिटांनी एकतीस पानं छापली गेली होती. आमच्याकडे प्रत्येक जण आपली पानं मोजून सांगतो. ही एकतीस पानं कोणीच सांगितली नव्हती.

ऋतिकाचा अर्ज, निबंधासकट, बरोबर एकतीस पानांचा होता.

३

संध्याकाळी आम्ही हिलरी सरांकडे गिरीजला गेलो. तेजस्वीने ऋतिकाला स्कूटरवर आणलं, मी मागून रिक्षाने. ऋतिकाच्या पिशवीत सगळे मूळ दाखले होते, कारण काम झालं की लोकांच्या कागदांच्या प्रती मी संगणकावरून पुसून टाकते. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा स्कॅन करायचं होतं. पिशवी ओटीवरच्या बाकावर राहिली आणि आम्ही आत चहा घेतला.

सर मला नेहमी आशाबाई म्हणतात आणि माझ्याशी जरा हळू मराठी बोलतात, मला कठीण शब्द कळणार नाहीत म्हणून. त्या दिवशी त्यांचा आवाजच हळू झाला होता. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि सरळ विचारलं. आधी त्यांनी पेन्शन, प्रिंट, असं काहीबाही सांगितलं. मग कपाळ पुसलं. निबंधासाठी त्यांनी ऋतिकाला चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढू दिले होते, फादरना न विचारता. निबंध तिकडे छापला गेला तर आपली फजिती होईल, या विचाराने त्यांना दोन रात्री झोप नव्हती.

"मला भीती वाटते हे खरं," ते म्हणाले. "पण पोरीचं पत्र मी मंगळवारी तुमच्याच संगणकावरून पाठवलंय. ज्याला अर्ज बुडवायचा तो पत्र कशाला पाठवेल?"

ते पत्र मंगळवारी एक वाजून पन्नास मिनिटांनी गेल्याचं त्यांनी मला दाखवलं. पण दोन बारा त्यानंतरच वाजतात. माणूस वीस मिनिटांत घाबरून मन बदलू शकतो. मी त्यांचं नाव मनातून खोडलं नाही.

परतताना पिशवी तेजस्वीच्या स्कूटरच्या डिकीत होती. घरी गेल्यावर ऋतिकाने ती खुर्चीवर ठेवली आणि झोपली.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ती दुकानात आली आणि पिशवी काउंटरवर उलटी केली. पदवीची प्रमाणपत्रं होती, दहावी-बारावीची गुणपत्रकं होती, पासपोर्ट होता. शाळा सोडल्याचा दाखला नव्हता.

"काल होता, ताई. मी स्वतः ठेवला होता." ती खाली बसली. "घरात आलं का कोणी रात्री?"

साडेआठ तास उरले होते.

४

तेजस्वीला मी दहा वाजता बोलावलं. ऋतिकाला पुढच्या चौकात गुणपत्रकांवर सह्या-शिक्के घ्यायला पाठवून दिलं, म्हणजे दोघी समोरासमोर येणार नाहीत.

तेजस्वी आली तीच रडकुंडीला येऊन. शिष्यवृत्ती एक आणि मैत्रिणी दोन, त्यामुळे सगळे आपल्याकडेच बोट दाखवणार हे तिला कळत होतं. मी मंगळवारचं विचारलं तर म्हणाली, एक नंबरवर बसून स्वतःचाच फॉर्म पाठवत होते. मी गप्प राहिले. गप्प राहिलं की लोक उरलेलं सांगतात. तिने सांगितलं की गेल्या आठवड्यात ऋतिकाच्या 'मला हा विषय का शिकायचा आहे' या दोन पानी लिखाणाचे तिने चोरून फोटो काढले होते. त्यातला एक परिच्छेद फिरवून स्वतःच्या अर्जात घातला होता.

"तेवढंच, आशाताई. तिच्या अर्जाला मी हात लावला नाही. ती आहे म्हणून मी या विषयाकडे वळले. तिच्या वाढदिवसाला, चौदा ऑगस्टला, आम्ही भुईगावच्या किनाऱ्यावर बसलो होतो, तेव्हा तिने पहिल्यांदा मला हे सगळं समजावलं."

मी तिला पाणी दिलं. ती गेली. मग मी एकटीच बसले आणि मला काहीतरी टोचायला लागलं.

चौदा ऑगस्ट.

ऋतिकाचा फॉर्म मी भरला होता. त्यात जन्मतारीख होती चौदा मे. दाखल्यावरून बघून मीच टाकली होती, आणि पासवर्डही त्यावरूनच केला होता.

मी हिलरी सरांना फोन लावला आणि गप्पांच्या ओघात ऋतिकाचा वाढदिवस विचारला. ते लगेच म्हणाले, मायच्या, म्हणजे मारियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी, चौदा ऑगस्ट. दर वर्षी फोन करतो, विसरायला होत नाही.

भिंतीवरची सूचना वाचून ज्याने कोणी पासवर्ड टाकला असेल, त्याने ऋतिकाचं नाव आणि जन्मतारीख टाकली असणार. तेजस्वीने ऑगस्ट टाकला असता, सरांनीही ऑगस्टच. दोघांचाही पहिला प्रयत्न चुकला असता. पण विद्यापीठाने कळवलं होतं: पहिल्याच प्रयत्नात. म्हणजे हात अशा माणसाचा होता ज्याला कागदावरची तारीख पाठ होती. आणि पिशवीतून गेला तो एकच कागद, जन्मतारखेचा.

ऋतिका रांगेत अडकून दोन वाजता परत आली, तेव्हा मी तिला वाढदिवसाचं सहज विचारलं. ती म्हणाली, हो, दोन आहेत, कागदावरचा मेमधला. शाळेत कोणीतरी चुकून लिहिलं असं बाबा सांगतात. अर्ध्या बिल्डिंगचं तसंच आहे. तिला त्यात काहीच दिसत नव्हतं.

मी उठून बाहेर आले आणि श्रीरंगभाऊंना फोन केला. केक आणायचा विचार आहे, असं खोटंच म्हटलं. ऋतिकाचा वाढदिवस कधी?

"कुठला?" त्यांनी विचारलं.

५

त्यांच्या घरी मी एकटी गेले. दोन बिल्डिंगी सोडून, तिसरा मजला. इतक्या वर्षांत ज्या माणसाने आवाज चढवलेला ऐकला नाही, तो दार उघडल्यावर काय करेल, हे मला सांगता येत नव्हतं.

दार साखळी लावून उघडलं गेलं. फटीतून अर्धा चेहरा दिसला. माझ्या मागे कोणी आहे का, ते आधी बघितलं गेलं.

"एकट्याच आलात ना?" त्यांनी विचारलं. तेव्हा मला समजलं की त्या दारामागचा माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे.

पलंगावर फाइल उघडी होती. तिच्यात एकतीस पानं, नीट टाचलेली, वर शाळेचा दाखला. मी खुर्चीवर बसले. त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

सोमवारी त्यांना फोन आला होता. विद्यापीठासाठी कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीतून, इंग्रजीत. फॉर्मात दुकानाच्या नंबराखाली पालक म्हणून वडिलांचाही नंबर होता. बाईने नाव विचारलं, नातं विचारलं, मुलीची जन्मतारीख विचारली. बापाने सांगितली, चौदा ऑगस्ट. बाई म्हणाली, ही अर्जाशी जुळत नाही, आम्ही नोंद घेतो.

"चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत होतो, आशाताई. खोटी माहिती आढळल्यास कायदेशीर कारवाई होईल, हे वाक्य मी हाताने हजारदा टाइप केलंय. ते फक्त छापायचं असतं असं मला वाटायचं. फोन ठेवला आणि मला ते तिच्या नावासमोर दिसायला लागलं. परक्या देशात, एकटी पोर. अर्जच नसला तर चौकशी कोणाची करणार?"

मंगळवारी ते माझ्या दुकानात आले आणि दोन नंबरवर बसले. मोबाइल वाजला तेव्हा त्यांनी सुतळीसकट उचलला आणि आकडे वाचले. मागे घेण्याआधी सगळा अर्ज छापून घेतला. पुसून टाकायचं धैर्य होईना, म्हणाले. तिने इतकं लिहिलंय. आणि बुधवारी रात्री, नवा अर्ज जाऊ नये म्हणून, पिशवीतला दाखला काढून ठेवला.

"शाळेत कोणी चुकून लिहिलं नव्हतं, नाही का?" मी विचारलं.

ते खिडकीकडे वळले. शाळेच्या नियमाप्रमाणे मेअखेर पाच वर्षं पूर्ण हवी होती. ऋतिकाला अडीच महिने कमी पडत होते, म्हणजे आणखी एक वर्ष थांबायचं. त्या वर्षी रचना, तिची आई, आजारी होती आणि डॉक्टरांनी वर्षाची खात्री दिली नव्हती. तिला पोरीला गणवेशात बघायचं होतं. श्रीरंगभाऊंनी प्रतिज्ञापत्र करून मे लिहून दिला. जूनमध्ये पोर शाळेत गेली. रोज दुपारी आल्यावर दप्तरासकट आईच्या पलंगापाशी उभी राहायची. दिवाळीपर्यंत रचना राहिली नाही.

घड्याळात तीन वाजून गेले होते.

"काय झालं ते तिला सांगावं लागेल," मी म्हटलं.

"ते मला जमणार नाही."

मागून आवाज आला नाही, पण आम्ही दोघांनीही मान वळवली. साखळी लावायची राहून गेली होती. ऋतिका दारात उभी होती. किती वेळ उभी होती, ते तिच्या तोंडावरून कळत होतं.

६

दुकानात आम्ही चार वाजता पोचलो. ती पुढे चालत होती आणि ते दहा पावलं मागे, फाइल छातीशी धरून. मी मध्ये.

एक नंबरवर बसून तिने नवा अर्ज उघडला आणि एकेक रकाना भरायला लागली. बोटं भराभर चालत होती. राग बोटांत उतरला की टायपिंग चांगलं होतं, हे मी अनुभवाने सांगते. दाखला स्कॅन करायला घेतला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, स्क्रीनकडे बघतच.

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं," श्रीरंगभाऊ म्हणाले.

"मला वाटत होतं, माझ्या वाईटावर कोणीतरी आहे. दोन दिवस मी रस्त्याने मागे वळून बघत चालतेय, बाबा. तेजस्वीशी धड बोलले नाही. ताईंवर संशय घेतला."

मला वाटलं, मी तिथे नसते तर बरं झालं असतं, पण दुकान माझंच होतं, जाणार कुठे?

पावणेपाच वाजले. सगळं जोडून झालं, उरली ती तारीख. पासपोर्ट, गुणपत्रकं, सगळीकडे मे होता, म्हणजे फॉर्मातही मेच हवा. पण कंपनीच्या नोंदीत वडिलांनी सांगितलेला ऑगस्ट बसला होता. मग मीच एक युक्ती सुचवली, आणि ती सोपी होती. कळवून टाका, वडील वयस्कर आहेत, फोनवर गोंधळले. कोणी पुढे विचारणार नाही. पेन्शन घेणारा माणूस गोंधळतोच.

ऋतिकाने माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. तिलाही ते पटण्यासारखं होतं, मला दिसलं.

"नको," श्रीरंगभाऊ म्हणाले. "ते परत तेच होईल. कागद द्या."

त्यांनी काउंटरवर उभ्यानेच लिहिलं. मी, श्रीरंग तळेकर, लिहून देतो की माझ्या मुलीची खरी जन्मतारीख चौदा ऑगस्ट आहे. शाळेतली तारीख मी बदलून दिली. त्यात तिचा काही दोष नाही. कारणाची जागा आली तेव्हा त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी तेही लिहिलं, रचनाचं नाव घालून, दोन ओळींत. खाली सही केली. मी खाली इंग्रजी टाइप केलं आणि जोडलं. ऋतिकाने ते इंग्रजी तपासायला म्हणून वाचलं आणि एकही शब्द बदलला नाही. फक्त वडिलांसाठी स्टूल ओढून आपल्या शेजारी ठेवलं.

शेवटचं पान उघडलं. एका चौकोनात खूण केली की अर्ज गेला. चौकोनाशेजारी बारीक अक्षरात तीन ओळी होत्या.

"काय लिहिलंय ते मराठीत सांग," श्रीरंगभाऊ म्हणाले.

तिने सांगितलं. वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. खोटी आढळल्यास माझा प्रवेश रद्द होईल आणि कायदेशीर कारवाई होऊ शकेल.

"आणि हे वाचून ते नाही म्हणाले तर?"

"म्हणू शकतात."

"मला पकडतील?"

"पकडलं तर शिकवण्या बंद करून जामीन द्यायला येईन," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि त्या तीन ओळी बोट ठेवून स्वतः एकदा वाचल्या, ओठ हलवत, इंग्रजीतच. मग बोट काढून घेतलं.

"कर," ते म्हणाले. "आता खरं आहे."

तिने खूण केली. पाच वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. उरलेली अकरा मिनिटं श्रीरंगभाऊ त्या स्टुलावरून हलले नाहीत; अर्ज परत येतो की काय, म्हणून स्क्रीनकडे बघत बसले, आणि ऋतिकाही त्यांना घरी चला म्हणाली नाही.